गिऱ्हाइकाच्या दारी जाणारा कारागीर

ईदेच्या सुट्टीत गावी आलेला तिसगावचा एक तरुण आम्हाला भेटला. चार वर्षे तो पुण्यात मोटारगाड्या उजळण्याच्या एका दुकानात काम करीत आहे. काम हाताला चांगले बसले आहे, पगार मात्र आहे तिथेच आहे. आता गावी परतून स्वतःचा धंदा टाकावा असे त्याच्या मनात आहे. त्याचा बेत असा, की तिसगावात महामार्गाला लागून दोन गाळे भाड्याने घ्यावेत, दर्शनी भाग काचेचा करावा, छताला दिव्यांच्या ओळी लावाव्यात आणि मोठी पाटी टांगून महागड्या गाड्यांची वाट पाहावी. खर्चाचा अंदाज नऊ लाखांचा. त्यातले काही मामा देणार, काही कर्जाऊ आणि उरलेले आईचे दागिने मोडून. "धंदा चालेल का?" असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "धंदा चालेल, दुकान चालणार नाही."

त्याला राग आला नाही, पण त्याचे समाधानही झाले नाही. हाच प्रश्न घेऊन पाथर्डी, शेवगाव, नेवासे या बाजूचे आणखीही तरुण उभे असतील. गॅरेजमध्ये, रंगकामात, वॉशिंग सेंटरवर आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हातात कला आहे, पण मालकी नाही. म्हणून त्या तरुणाला जे तोंडी सांगितले, तेच येथे जरा सविस्तर मांडत आहोत.

हा धंदा आहे तरी काय?

गाडी धुणे आणि गाडी उजळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा मारतात, साबण फासतात, खालून डिझेल मारतात आणि एकाच फडक्याने दिवसभरातल्या सगळ्या गाड्या पुसतात. गाडी तेवढ्यापुरती चकचकीत दिसते. पण त्या फडक्यात अडकलेली वाळू रंगावर बारीक ओरखडे पाडते. काळी गाडी उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेघा दिसतात, त्या बहुतेक वेळा चुकीच्या धुण्यानेच पडलेल्या असतात. डिझेलने तळाच्या रबरी भागांची हानी होते, ती वेगळीच.

डिटेलिंग म्हणजे हे नुकसान न करता गाडी आतून-बाहेरून स्वच्छ करणे, आधीचे ओरखडे शक्य तेवढे काढणे आणि रंगावर संरक्षक थर देणे. यात दोन बादल्या लागतात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडके खळाळण्याची. चाकांची फडकी वेगळी, रंगाची वेगळी, आतल्या गाद्यांची वेगळी. रंगाला चिकटलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके आणि झाडाचा चीक काढावा लागतो. मग गरज असेल तरच यंत्राने पॉलिश, आणि शेवटी मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग. हेच काम गाडीवाल्याच्या अंगणात जाऊन केले की ते फिरते डिटेलिंग झाले.

आपल्या लोकांना यात नवे काय आहे? दारोदार जाऊन वस्तू उजळून देणे हा आपल्या कारागिरांचा जुनाच व्यवसाय. कल्हईवाला भाता, कथील, नवसागर आणि कापूस घेऊन गल्लीत बसायचा आणि घराघरांतली पितळेची भांडी त्याच्यापुढे यायची. पिंजारी पिंजण खांद्यावर टाकून गादीवाल्याच्या दारी जायचा. शिकलगार सुऱ्या, कात्र्या, तलवारी उजळून धार लावून द्यायचा. शिकलगार हे नावच मुळी 'सैकल' या शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ उजाळा, चकाकी असा आहे. यांतल्या कोणी कधी दुकानाची काच बसवली नाही. गिऱ्हाईक जिथे, तिथे कारागीर, हा त्यांचा हिशोब होता. कल्हईचा धंदा स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमने मारला, त्यात त्यांच्या पद्धतीचा दोष नव्हता. आज भांडे बदलले आहे, एवढेच.

चाळीस किलोमीटरचा हिशोब

आता तिसगावची जागा पाहू. कल्याणहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ गावाला लागून जातो. एका बाजूला करंजी घाट ओलांडला की चाळीसएक किलोमीटरवर नगर शहर आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, लोकांच्या तोंडी अजून नगरही आहे. दुसऱ्या बाजूला पाथर्डी. एक रस्ता शेवगावकडे फुटतो आणि तिथून पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठता येते. मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्याही याच भागातून जातात.

रस्त्यावर गाड्या पुष्कळ दिसतात, म्हणून दुकान काढावे असे त्या तरुणाला वाटले. परंतु जाणारी गाडी हे गिऱ्हाईक नव्हे. नगरहून पाथर्डीला निघालेला डॉक्टर गाडी उजळण्यासाठी तिसगावात सहा तास थांबणार नाही. तो चहाला थांबेल, फार तर हवा भरेल. महागड्या गाडीचा मालक आपली गाडी रात्री जिथे उभी करतो, तिथेच तो गिऱ्हाईक असतो. त्याचे घर नगरला आहे, म्हणून कारागिराने नगरला गेले पाहिजे. गाळ्याचे भाडे मात्र तिसगावात भरत बसायचे, हा उलटा व्यवहार झाला.

मग नगरला जाऊन स्वस्तात गाड्या धुवाव्यात का? तेही जमणार नाही. समजा, तिसगावहून व्हॅन घेऊन नगरला गेलो. येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर, सुमारे सहा लिटर पेट्रोल, म्हणजे ६२० रुपये धरू. मदतनिसाची मजुरी ५०० रुपये. प्रत्येकी ४०० रुपयांप्रमाणे चार गाड्या धुतल्या तर १६०० रुपये आले. सामान २०० रुपयांचे लागले. उरले २८० रुपये. त्यात यंत्राची झीज नाही, व्हॅनची दुरुस्ती नाही आणि आपली स्वतःची मजुरीही नाही. म्हणजे दिवसभर राबून आपण पेट्रोल पंपाची चाकरी केली.

आता त्याच दिवशी एकच गाडी घेतली, पण तिचे पूर्ण काम केले आणि ५००० रुपये घेतले असे धरू. पेट्रोल ६२०, मदतनीस ५००, सामान ६००. उरले ३२८० रुपये. रस्ता तोच, माणसे तीच, पाणी उलट कमी. महागडे गिऱ्हाईक धरावे असे आम्ही म्हणतो ते बडेजावासाठी नाही. घाटापलीकडे जाऊन करायचा धंदा स्वस्त कामावर उभा राहूच शकत नाही, हे आकडे सांगतात. हे भाव आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातले भाव घालून हा हिशोब स्वतः करून पाहावा.

आपल्या भागात असे गिऱ्हाईक आहे काय, अशी शंका कोणी घेईल. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, ही बातमी तेव्हा देशभर गाजली होती. मुंबई-पुण्याबाहेर एवढा पैसा आहे हे गाड्या बनवणाऱ्यांच्याही ध्यानात तेव्हा आले. ते शहर तिसगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. नगरमध्ये मोठी इस्पितळे आहेत, बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार, कारखानदार आहेत. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बागायतदारांच्या दारात आज कोणत्या गाड्या उभ्या असतात, हे आम्ही सांगायला नको. फार गिऱ्हाइके लागतही नाहीत. बांधलेली वीस गिऱ्हाइके पुरेत.

समजा, नगरमध्ये अशी वीस घरे झाली. प्रत्येकाकडे महिन्यातून एकदा देखभालीचे काम १५०० रुपयांचे आणि वर्षातून दोनदा पूर्ण काम ५००० रुपयांचे. देखभालीचे महिन्याला ३० हजार होतात. पूर्ण कामाचे वर्षाला दोन लाख, म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर. दिवसाला तीन देखभाली किंवा एक पूर्ण काम धरले तर महिन्यात दहा-अकरा खेपा पडतात. पेट्रोल, मदतनीस आणि सामान मिळून सतरा हजारांच्या आसपास जातील आणि एकोणतीस हजारांच्या आसपास उरतील. यातून विमा आणि व्हॅनची झीज वजा करायची आहे, हे खरे. पण महिन्याचे उरलेले दिवस पाथर्डी-शेवगावसाठी मोकळे आहेत, आणि माणूस रोज रात्री आपल्या घरी आहे.

यात एक गोष्ट आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांकडून शिकावी. त्यांचा वार ठरलेला असतो. सोमवारी अमुक गाव, गुरुवारी तमुक गाव, आणि पाऊस असो की ऊन, त्यांची पथारी त्या जागी दिसते. म्हणून गिऱ्हाईक त्यांच्यासाठी थांबते. फिरत्या डिटेलिंगवाल्यानेही नगरच्या एकेका वस्तीचा वार ठरवावा. एकाच वस्तीतल्या तीन गाड्या एका दिवशी झाल्या तर पेट्रोल वाचते आणि शेजारी शेजाऱ्याला सांगतो. फोन आला की धाव, असे केले तर दिवस रस्त्यातच संपेल.

तो पैसे कशाचे देतो?

पाच हजार देणारा माणूस केवळ चकाकीचे पैसे देत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. तो पहिले पैसे आपल्या वाचलेल्या वेळेचे देतो. सात वाजता येतो म्हटले की सातला पाच मिनिटे कमी असताना फाटकाशी उभे असावे. "घाटात अडकलो" हे एकदा चालते. दुसऱ्या वेळी तो दुसरा कारागीर शोधतो.

दुसरे पैसे तो विश्वासाचे देतो. आपण त्याच्या घराच्या आवारात जातो. घरात बायका-मुले असतात. गाडीच्या कप्प्यांत चिल्लर, कागदपत्रे, कधी रोकड, कधी औषधे असतात. काम सुरू करण्यापूर्वी या सगळ्या वस्तू त्याच्यादेखत एका पिशवीत घालून त्याच्या हाती द्याव्यात. गादीखाली एक रुपयाचे नाणे सापडले तरी ते काढून ठेवावे आणि परत करावे. मदतनीस ओळखीचा, निर्व्यसनी आणि तोंडाने गोड असावा. गाडीचा नंबर दिसेल असे छायाचित्र मालकाच्या परवानगीशिवाय कोणाला पाठवू नये. धंद्याची जाहिरात म्हणून आपली मुले हे सर्रास करतात आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतही नाही. मोठ्या माणसाला मात्र आपली गाडी कुठे उभी असते हे जगाला कळलेले नको असते.

तिसरे पैसे तो जबाबदारीचे देतो. काम सुरू करण्याआधी त्याच्याबरोबर गाडीभोवती एक फेरी मारावी. आधीचे ओरखडे, पोचे, फुटलेला दिवा, सगळे कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. यात अविश्वास काही नाही. यात दोघांचीही अब्रू राहते. नंतर "हा ओरखडा तुझ्या मुलाने पाडला" असा वाद निघाला तर गरीब कारागिराच्या बाजूने तो कागदच बोलतो. कामात झालेल्या नुकसानीसाठी दायित्वाचा विमा मिळतो. पंधरा-वीस लाखांच्या गाडीला हात लावणाऱ्याने त्याची चौकशी केल्याशिवाय धंदा सुरू करू नये.

कागदाच्या निम्म्या जाडीवर

आता कलेविषयी. गाडीचा कारखान्यातला रंग सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. वहीचा साधा कागद शंभरेक मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. त्यातही ज्याला आपण पॉलिश करतो, तो वरचा पारदर्शक थर बहुधा पस्तीस ते पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे कागदाच्याही निम्मा. यंत्राने ओरखडे काढतो म्हणजे आपण हा थर घासून थोडा कमी करतो. एकदा गेलेला थर परत येत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे, नवशिक्याच्या हाती गोल फिरणारे रोटरी यंत्र देऊ नये. ते एका जागी क्षणभर जास्त थांबले तर उष्णतेने रंग जळतो. दरवाजाच्या कडेला आणि बॉनेटच्या उभारावर तर हमखास जळतो. दुहेरी हालचालीचे यंत्र हळू काम करते, पण चूक पोटात घेते. भंगारातल्या जुन्या बॉनेटवर महिना-दोन महिने हात बसवावा आणि मगच दुसऱ्याच्या गाडीला यंत्र लावावे. आपल्याकडे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काढल्याशिवाय कोणी स्वतःला कारागीर म्हणवत नसे. ती रीत येथेही राखावी. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते, ते आधी घ्यावे आणि मोठी पाटी नंतर रंगवावी.

दुसरी गोष्ट "नको" म्हणण्याची. गिऱ्हाईक म्हणेल, दर दोन महिन्यांनी पॉलिश करून दे. पैसे समोरून चालून येत आहेत. पण प्रामाणिक कारागिराने सांगितले पाहिजे, की साहेब, दरवेळी घासले तर थर संपेल. आता फक्त नीट धुऊन वर मेण देतो. त्या दिवशी आपले तीन हजार बुडतील. परंतु ज्याने आपले नुकसान करून खरे सांगितले, त्याला तो माणूस घरची दुसरी गाडीही देतो आणि भावाचीही देतो. कल्हई नीट नसली तर दुसऱ्याच दिवशी ताक कळकायचे आणि कल्हईवाल्याची लबाडी घरोघर कळायची. रंगातली लबाडी दोन-तीन वर्षांनी कळते, एवढाच फरक.

सिरॅमिक कोटिंगच्या बाबतीत तर बाजारात फार फुशारकी चालते. "९एच कोटिंग, ओरखडा पडणारच नाही" असे सांगतात. हे ९एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाची कठीणता मोजण्याचे माप आहे. दगड-हिऱ्यांच्या कठीणतेशी त्याचा काही संबंध नाही. कोटिंगचा थर अतिशय पातळ असतो. त्याने पाणी आणि धूळ टिकत नाही, धुणे सोपे जाते, उन्हापासून आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून रंग काही अंशी वाचतो, हे खरे आहे. किल्लीचा ओरखडा किंवा उडालेला खडा त्याने थांबत नाही. जे खरे आहे तेवढेच सांगावे. खडीपासून वाचवायचे तर पारदर्शक प्लॅस्टिकची जाड फिल्म लावतात, तिला पीपीएफ म्हणतात.

फिरत्या धंद्याची मर्यादाही येथेच सांगून टाकतो. फिल्म लावणे आणि कोटिंग करणे ही कामे धूळ नसलेल्या बंद जागेची आहेत. उघड्या अंगणात, वारा सुटलेला असताना, ती करू नयेत. गिऱ्हाइकाचे बंदिस्त गॅरेज असेल तर कोटिंगचा विचार करावा, नाहीतर शहरातल्या चांगल्या दुकानात त्याला पाठवावे आणि पुढच्या देखभालीचे काम आपण घ्यावे. कोटिंग केलेली गाडी रस्त्याकडेच्या साबणाने धुतली की कोटिंगचे आयुष्य घटते. म्हणजे शहरात जितकी कोटिंगे होतील तितके देखभालीचे काम वाढेल. तेच आपले रोजचे पीक आहे.

पाण्याचा प्रश्न

पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांना आठवतो, २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ तर मुलांनीही पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या गावात बायका टँकरपुढे हंडे लावतात, तिथे गाड्यांवर पाणी ओतणारा धंदा लोकांच्या डोळ्यांवर येणारच, आणि तो यावाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाडी धुण्यास वापरण्यावर बंदी घातली आणि ५००० रुपये दंड ठेवला. टंचाईच्या वर्षी असे हुकूम कुठेही निघू शकतात. ज्याचा सगळा धंदा पाण्याच्या फवाऱ्यावर आहे, त्याचे शटर त्या दिवशी खाली येते.

छोट्या प्रेशर यंत्रातूनही मिनिटाला सात-आठ लिटर पाणी जाते. वीस मिनिटे चालवले की दीडशे लिटर झाले. याउलट पाण्याशिवाय खळाळण्याची पद्धत आहे. एका बादलीत विशिष्ट द्रव मिसळून, मऊ मायक्रोफायबर फडक्याने एकेक भाग पुसून कोरडा करायचा. तिला दहा लिटरच्या आत पाणी लागते. चिखलाने माखलेल्या गाडीवर ही पद्धत वापरू नये, आधी चिखल फवाऱ्याने काढावाच लागतो. पण शहरातली, नियमित देखभालीतली गाडी यात उत्तम निघते. आमचे मत असे, की आपल्या भागातल्या तरुणाने हीच पद्धत मुख्य धरावी. धंदा दुष्काळातही चालेल आणि कोणाच्या तोंडचे पाणी काढल्याचा बोल लागणार नाही.

आपल्याकडचे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ते रंगावर वाळले की पांढरे डाग राहतात आणि जुने झाले की सहज निघत नाहीत. म्हणून शेवटचा हात शुद्ध केलेल्या पाण्याने द्यावा. पाण्यातले क्षार मोजणारे स्वस्त यंत्र मिळते, ते जवळ ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा तापतो आणि साबण लावताच वाळतो. त्या दिवसांत पहाटे काम सुरू करून दहाला थांबावे आणि पुन्हा संध्याकाळी सावलीत लागावे. चाके धुण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत उतरते आणि हाडापर्यंत इजा करते. असे द्रव कितीही स्वस्त मिळो, ते मुलांच्या हाती देऊ नये.

भांडवल, कागद आणि हिशोब

नऊ लाखांची गरज नाही. पहिले सहा महिने व्हॅनचीही नाही. मोटारसायकलवर दोघेजण, मागे एक पेटी, पेटीत फडकी, द्रव, ब्रश आणि छोटा व्हॅक्यूम. पॉलिशचे यंत्र लागेल तेव्हा. बादलीभर पाणी गिऱ्हाइकाकडे असतेच. दहा गिऱ्हाइके बांधली की मग जुनी व्हॅन पाहावी. व्हॅनमध्ये टाकी बसवताना २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, हे ध्यानात ठेवावे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने अशा बदलांवर बंधने आहेत. हे सगळे धरूनही खर्च त्या नऊ लाखांच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवता यावा. आईचे दागिने कपाटातच राहतील.

तयार ब्रँडची शाखा घेण्याच्या जाहिराती अलीकडे फार येतात. लाखो रुपये भरून पाटी मिळते, गिऱ्हाईक मात्र आपल्यालाच आणावे लागते. ज्याच्या हाती कला नाही त्याने पाटी विकत घेतली तर समजू शकते. ज्याच्या हाती कला आहे, त्याने आपले नावच पाटी करावे.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्यावी. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी असे १८ परंपरागत व्यवसाय घेतले आहेत. गाडी उजळणे त्यात नाही, तेव्हा त्या आशेवर हेलपाटे घालू नयेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या २०२२ च्या नियमांत ग्रामीण भागातील अल्पसंख्याक अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के अशी तरतूद होती. हे अनुदान रोख हातात पडत नाही, बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. पाहुण्यांकडून उसने घेऊन "अनुदान आले की देतो" असे म्हणणारे येथेच अडकतात. चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही चौकशी करावी. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी नफ्या-तोट्याची भागीदारी करावी. मात्र ती कागदावर करावी. मामा-भाच्यांच्या भागीदाऱ्या कागदाअभावीच मोडतात आणि धंद्याबरोबर नातेही जाते.

शेवटी वही. मोठमोठ्या कंपन्याही येथे घसरल्या आहेत. गुरुग्रामची गोमेकॅनिक ही गाडी-दुरुस्तीची कंपनी २०१६ मध्ये सुरू झाली आणि झपाट्याने वाढली. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या एका संस्थापकानेच हिशोबात गंभीर चुका झाल्याचे जाहीरपणे मान्य केले. सुमारे ७० टक्के नोकरांना घरी जावे लागले. कोट्यवधींच्या भांडवलाला जे जमले नाही ते वही-पेनाला जमते. रोज रात्री आलेले, गेलेले, पेट्रोल आणि सामान लिहून ठेवावे. घरखर्चाचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवावेत. प्रत्येक गाडीचे एक पान करावे आणि कोणत्या दिवशी काय केले, काय लावले, रंगाची जाडी किती होती, ते त्यात लिहावे. दोन वर्षांनी मालक गाडी विकायला काढील तेव्हा ते पान त्याला हजारो रुपये मिळवून देईल. आणि ते पान कोणी लिहिले, हे तो विसरणार नाही.

"लोकांच्या गाड्या धुणे" हे हलके काम, असे म्हणणारे वडीलधारे घरोघर आहेत. लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न निघतो हेही आम्हाला ठाऊक आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की कमी दरात, दुसऱ्याच्या फडक्याने, दुसऱ्याच्या शटरखाली आयुष्यभर राबणे त्याहून जड आहे. ज्याचा वार ठरलेला आहे, ज्याची वही स्वच्छ आहे आणि ज्याच्यासाठी मोठ्या घराचे फाटक नावानिशी उघडते, तो आपला मुलगा इज्जतदार व्यावसायिक आहे.

त्या तरुणाने निघताना गाळ्याच्या मालकाला नकार कळवतो असे सांगितले. पुण्यातली नोकरी आणखी सहा महिने करून तो रोटरी यंत्रावरचा हात पक्का करणार आहे, आणि दर पंधरवड्याला रविवारी नगरला येऊन दोन-दोन गाड्या करून पाहणार आहे. पहिले गिऱ्हाईक म्हणून आम्ही त्याला आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचे नाव दिले आहे. त्यांची गाडी काळ्या रंगाची आहे आणि नजर तीक्ष्ण आहे. परीक्षा कठीण होईल, पण सुरुवात अशाच दारापासून व्हावी. इतर तरुणांनीही गाळ्याची अनामत भरण्याआधी एक रविवार असा घालवून पाहावा, आणि मग ठरवावे.